पिलर, क्वांटम डॉट आणि पर्सेल: एकेक फोटॉन हवा तसा बाहेर काढण्याची कृती

अणू किंवा क्वांटम डॉट (अर्धवाहकातलं, अणूसारखं वागणारं काही नॅनोमीटरचं बेट) उत्तेजित झाला की तो कधी प्रकाश सोडेल आणि कुठल्या दिशेला, हे त्याच्या एकट्याच्या हातात नसतं. भोवतालच्या जागेत कुठल्या तरंगलांबीला किती वाव आहे, यावर ते ठरतं. विहिरीत तोंड घालून हाक मारली की काही ठरावीक सूरच घुमतात, तसंच हे. एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्ये रेडिओ लहरींच्या संदर्भात हे एका छोट्याशा टिपणात मांडलं. अर्धवाहकात ते ठोसपणे दिसलं १९९८ मध्ये. फ्रान्समध्ये जाँ-मिशेल जेरार आणि सहकाऱ्यांनी गॅलियम आर्सेनाइडच्या सूक्ष्म खांबात, म्हणजे मायक्रोपिलरमध्ये, इंडियम आर्सेनाइडचे डॉट ठेवून उत्सर्जनाचा वेग पाचपटीपर्यंत वाढवून दाखवला.

पाचपटच का? त्यांच्या खांबांचा पर्सेल गुणक, म्हणजे उत्सर्जन किती पटींनी वेगवान व्हावं तो आकडा, कागदावर याहून बराच मोठा होता. मग वाढ पाचवर का थांबली, याचं उत्तर त्यांनीच दिलं: डॉट खांबात कुठेही बसलेले असतात आणि त्यांच्या तरंगलांब्याही विखुरलेल्या असतात. ही गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. या कामात नवी मुलं क्यूच्या मागे धावतात, म्हणजे कॅव्हिटीच्या (दोन आरशांमध्ये प्रकाश कोंडणाऱ्या पोकळीच्या) गुणवत्ता गुणकाच्या; प्रकाश आत किती काळ टिकतो ते तो सांगतो, आणि तिथेच महिने घालवतात. खरी लढाई जुळणीची असते: डॉट आणि कॅव्हिटी एकाच तरंगलांबीवर आणि एकाच जागी आणण्याची. खालची सगळी कृती त्याच हिशेबाने लिहिली आहे.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू: ९३० नॅनोमीटरला एकेक फोटॉन देणारा, २ मायक्रोमीटर व्यासाचा पिलर, तापमान ४ केल्विन.

पायरी १: आधी कागदावर हिशेब

९३० नॅनोमीटरच का, तर त्याला दोन कारणं. गॅलियम आर्सेनाइड थंड असताना ८१६ नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश गिळतं, ९३० ला ते पारदर्शक असतं. आणि याच पट्ट्यात सिलिकॉनचे स्वस्त डिटेक्टर अजून बऱ्यापैकी चालतात.

कमी तापमानाला गॅलियम आर्सेनाइडचा अपवर्तनांक साधारण ३.४५ आणि ॲल्युमिनियम आर्सेनाइडचा २.९३ धरा. पिलरमध्ये कॅव्हिटीच्या वर आणि खाली या दोन पदार्थांच्या एकाआड एक थरांचे आरसे असतात. आरशाचा प्रत्येक थर पदार्थातल्या पाव तरंगलांबीचा लागतो, म्हणजे गॅलियम आर्सेनाइड ६७ नॅनोमीटर आणि ॲल्युमिनियम आर्सेनाइड ७९ नॅनोमीटर. मधली कॅव्हिटी पूर्ण एका तरंगलांबीची, म्हणजे २७० नॅनोमीटर. डॉटचा थर तिच्या बरोबर मध्यावर, कारण विद्युत क्षेत्राचं शिखर तिथे येतं.

आता आरशांत थरांच्या जोड्या किती? वर १५ आणि खाली २५ घेतल्या तर क्यू साधारण ६००० येतो. वरचा आरसा मुद्दाम कच्चा ठेवायचा, कारण प्रकाश वरूनच हवा आहे. या रचनेत आरशांतून निसटणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ९० टक्के वरच्या बाजूने येतो. तुलनेसाठी सांगतो, कॅव्हिटी नसलेल्या साध्या गॅलियम आर्सेनाइडच्या तुकड्यातून वरच्या पृष्ठभागातून जेमतेम दोन टक्के प्रकाश सुटतो. पृष्ठभागाच्या लंबापासून १७ अंशांहून जास्त तिरका आलेला प्रत्येक किरण आतच परततो.

पर्सेल गुणकाचं सूत्र असं: ०.०७६ गुणिले क्यू, भागिले कॅव्हिटीचं प्रभावी आकारमान. हे आकारमान पदार्थातल्या तरंगलांबीच्या घनात मोजायचं. १ मायक्रोमीटरच्या पिलरला ते पाचाच्या आसपास असतं. व्यास दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट, म्हणून आपल्या पिलरला २० धरू. ०.०७६ गुणिले ६००० भागिले २०, म्हणजे सुमारे २३. हा आदर्श आकडा झाला. प्रत्यक्षात ५ ते १० मिळाला तरी काम उत्तम झालं म्हणायचं. गुणक ९ असला की कॅव्हिटीबाहेर सांडणाऱ्या एका वाट्यामागे नऊ वाटे आपल्या मोडमध्ये (कॅव्हिटीत घुमणाऱ्या प्रकाशाच्या ठरावीक रूपात) पडतात, म्हणजे ९० टक्के. गुणक २३ वरून ४६ वर नेलात तर हा वाटा ९६ वरून ९८ होईल. एवढ्यासाठी क्यू दुप्पट करायचा का, ते तुम्हीच ठरवा.

क्यू वाढवण्याचा आणखी एक तोटा आहे. समजा पिलर कोरण्याआधी सपाट कॅव्हिटीचा क्यू ६०,००० होता आणि कोरल्यावर तो २०,००० राहिला. याचा अर्थ दोन तृतीयांश प्रकाश खडबडीत भिंतींतून बाजूला सांडतोय. आकडा भारदस्त दिसतो, पण लेन्समध्ये येतो फक्त एक तृतीयांश.

पायरी २: पिलरमुळे सरकणारी तरंगलांबी आधीच वजा करा

हे विसरणारे बरेच असतात. सपाट कॅव्हिटीचा पिलर केला की बाजूच्या बंधनामुळे अनुनाद निळ्याकडे सरकतो. २ मायक्रोमीटर व्यासाला हा सरक सुमारे ५ नॅनोमीटर येतो, १ मायक्रोमीटरला सुमारे २०, ४ मायक्रोमीटरला सव्वा. म्हणून थंड अवस्थेत पिलर ९३० ला हवा असेल तर सपाट कॅव्हिटी थंड अवस्थेत ९३५ ला हवी. पण थरांची वाढ झाल्यावर तुम्ही वेफर, म्हणजे थर चढवलेली अर्धवाहकाची चकती, तपासणार खोलीच्या तापमानाला. थंड करताना अपवर्तनांक घटतो आणि अनुनाद आणखी दहा नॅनोमीटरच्या वर निळ्याकडे जातो. तेव्हा टेबलावरच्या परावर्तन मापनात ९४५ च्या थोडं पलीकडे खड्डा दिसला, तर दचकू नका. तो तिथेच हवा.

या सरकण्याचा एक फायदाही होतो. २ मायक्रोमीटरच्या आसपास व्यासात १०० नॅनोमीटरचा बदल केला की तरंगलांबी अर्धा नॅनोमीटर सरकते. मास्कवर (कोरायच्या आकारांच्या साच्यावर) १.६ पासून २.४ मायक्रोमीटरपर्यंत ५० नॅनोमीटरच्या टप्प्याने व्यास ठेवा. एकाच वेफरवर सुमारे सव्वाचार नॅनोमीटरचा पट्टा मिळतो, आणि वाढीतली छोटी चूक त्यात झाकली जाते.

हिशेबाला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. थरांचं गणित ट्रान्सफर मॅट्रिक्सच्या पद्धतीने पायथॉनच्या पन्नास ओळींत होतं. पिलरच्या मोडसाठी एमआयटीत तयार झालेलं मीप हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं.

पायरी ३: वाढ

एमबीई, म्हणजे अतिनिर्वात कक्षात अणूंचे झोत सोडून थर चढवण्याचं यंत्र, तुमच्या ताब्यात असण्याची शक्यता कमीच. बहुतेकांना वेफर कुणाकडून तरी वाढवून घ्यावी लागते. तरीही काय मागायचं ते नेमकं माहीत हवं.

पूर्ण रचना सुमारे ६ मायक्रोमीटर जाडीची होते, ८० थर. थराच्या जाडीत एक टक्का चूक म्हणजे अनुनादात ९ नॅनोमीटरची चूक. म्हणून आधी नुसत्या आरशाची चाचणी वाढ करून दर तपासून घ्यायला सांगा. शुद्ध ॲल्युमिनियम आर्सेनाइड दमट हवेत कुजतं. त्यात थोडं गॅलियम घातलेलं मिश्रण जास्त टिकतं. मुंबईच्या पावसाळ्यात सॅम्पल उघड्यावर राहणार असेल तर दुसरा पर्यायच घ्या, आणि जाडी नव्या अपवर्तनांकाने परत काढा.

डॉट आपोआप तयार होतात. इंडियम आर्सेनाइडच्या स्फटिकातलं अंतर गॅलियम आर्सेनाइडपेक्षा सुमारे ७ टक्के मोठं असतं. पहिला दीडपावणेदोन अणुथरांचा लेप सपाट बसतो, मग ताण असह्य होतो आणि पृष्ठभागावर बेटं उठतात: २०-३० नॅनोमीटर रुंद, काही नॅनोमीटर उंच. ती जशीच्या तशी झाकली तर उत्सर्जन ९३० च्या बरंच पलीकडे, अवरक्तात जातं. म्हणून बेटं अर्धवट झाकून, वर डोकावणारं इंडियम तापवून उडवून लावतात. त्याला इंडियम फ्लश म्हणतात. याने सगळ्या डॉटची उंची कापली जाते आणि ते ९०० ते ९५० च्या पट्ट्यात येतात.

घनता मागताना हा हिशेब समोर ठेवा. घनता चौरस सेंटिमीटरला १०० कोटी असेल, तर आपल्या पिलरमध्ये (क्षेत्रफळ ३.१४ चौरस मायक्रोमीटर) सुमारे ३१ डॉट येतात. त्यांच्या तरंगलांब्या ३० नॅनोमीटरभर पसरलेल्या आहेत असं धरू. कॅव्हिटीची रेषा ०.१५ नॅनोमीटर रुंद, आणि तापमान बदलून आपण डॉट साधारण १ नॅनोमीटर सरकवू शकतो. म्हणजे ३१ पैकी जेमतेम एकच डॉट पल्ल्यात येतो. आता तो मध्यावर हवा. मोडची तीव्रता केंद्रापासून ०.३ मायक्रोमीटरवर ७६ टक्के आणि ०.५ मायक्रोमीटरवर ४५ टक्के उरते. केंद्राभोवतीचं ते ०.३ चं वर्तुळ पिलरच्या क्षेत्रफळाच्या ९ टक्केच आहे. गोळाबेरीज अशी की डोळे मिटून कोरले, तर अकराएक पिलरमागे एक पिलर कामाचा निघतो.

हे वाईट नाही! अकराशे पिलर कोरले तर शंभर मिळतात. पण ते शोधायचे कसे, हे काम उरतंच. घनता दहापट वाढवून हा प्रश्न सुटत नाही. उलट कामाच्या डॉटशेजारी नको ते डॉट उजळू लागतात आणि एकेरी फोटॉनची शुद्धता बिघडते. इंडियम सोडताना वेफरचं फिरणं थांबवायला सांगा. मग एका कडेला घनता जास्त आणि दुसरीकडे शून्याकडे जाणारी मिळते, आणि हवा तो पट्टा नंतर निवडता येतो.

पायरी ४: डॉट आधी, पिलर नंतर (जमलं तर)

२००८ मध्ये पॅरिसजवळच्या मार्कुसी इथल्या गटाने उलटा क्रम लावला. सपाट वेफर थंड कक्षात ठेवून आधी डॉट शोधायचा, लेसरने त्याची जागा सुमारे ५० नॅनोमीटरच्या अचूकतेने ठरवायची आणि त्याच कक्षात वरच्या रेझिस्टवर (प्रकाशाने बदलणाऱ्या लेपावर) दुसऱ्या लेसरने वर्तुळ उमटवायचं. व्यासही त्या डॉटच्या तरंगलांबीला जुळेल असा निवडायचा. याने पायरी ३ मधला अकरातला एक हा जुगारच संपतो. ही सोय नसेल तर दुसरी वाट: वेफरवर सोन्याच्या खुणा उमटवा, थंड अवस्थेत खुणा आणि डॉट एकाच चित्रात टिपा, जागा काढा आणि इलेक्ट्रॉन बीमने त्या जागी पिलर लिहा. चित्रातल्या खुणांच्या कडा धूसर आल्या तर सगळी अचूकता गेली, म्हणून इथे फोकसवर वेळ घालवा.

पायरी ५: कोरणं

इलेक्ट्रॉन बीमने मास्क लिहायचा आणि क्लोरीन-बोरॉन ट्रायक्लोराइडच्या प्लाझ्माने ६ मायक्रोमीटर खोल कोरायचं. मास्क जाड हवा, नाहीतर पिलर पूर्ण होण्याआधी तोच झिजतो. भिंती उभ्या आहेत ना, ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कलत्या कोनातून बघा. आरशाच्या थरांच्या जागी भिंतीवर कंगोरे दिसले, तर दोन पदार्थ वेगवेगळ्या वेगाने कोरले जाताहेत. वायूंचं प्रमाण बदला. कोरून झालं की त्याच दिवशी भिंती सिलिकॉन नायट्राइडने झाका.

भारतात यासाठी स्वतःची क्लीनरूम लागत नाही. इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्रॅमखाली आयआयटी मुंबई आणि बंगळूरुच्या आयआयएससीच्या सुविधा बाहेरच्या संशोधकांना वापरता येतात. प्रस्तावात थरांची जाडी, मास्कची फाइल आणि कोरण्याची खोली आकड्यांत द्या; मोघम लिहिलं की प्रश्नोत्तरांतच वेळ जातो. आणि वेफर तोडताना हातमोजे, तोंडाला मास्क आणि वेगळा कचरा डबा हवाच. त्या धुळीत आर्सेनिक असतं.

पायरी ६: पहिला स्पेक्ट्रम

सॅम्पल ४ केल्विनला न्या. सुरुवातीला लेसर ७८० किंवा ८५० नॅनोमीटरचा, ताकद सूक्ष्मवॅटच्या घरात. पडद्यावर दोन प्रकारच्या रेषा दिसतील. एक जरा रुंद, ०.१५ नॅनोमीटरची, ती कॅव्हिटीची. बाकीच्या सुईसारख्या, त्या डॉटच्या. स्पेक्ट्रोमीटर साधा असेल तर सुईची रुंदी ही त्याचीच मर्यादा असते, डॉटची नाही. डॉटची नैसर्गिक रुंदी एक मायक्रो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्याही खाली असते, कॅव्हिटीची २२० च्या आसपास.

आता लेसरची ताकद हळूहळू वाढवा आणि प्रत्येक रेषेची उंची टिपा. ताकद दुप्पट केल्यावर जी दुप्पट होते ती एका एक्सायटॉनची (इलेक्ट्रॉन आणि त्याने सोडलेली रिकामी जागा यांच्या जोडीची), किंवा जादा विद्युतभार असलेल्या भारित डॉटची. जी चौपट होते ती बायएक्सायटॉनची, म्हणजे अशा दोन जोड्यांची. मग समोर पोलरायझर फिरवा. तटस्थ एक्सायटॉनची रेषा काही दशक मायक्रो-इलेक्ट्रॉनव्होल्ट इकडे-तिकडे डोलते, भारिताची स्थिर राहते. कामाला भारित डॉट सोयीचा, कारण ती दुहेरी रेषेची भानगड तिथे नसते.

एक सापळा इथेच आहे. कॅव्हिटीची रेषा कुठलाही डॉट जुळलेला नसतानाही उजळते. तरंगलांबीने तिच्यापासून दूर असलेले डॉट फोनॉनच्या (स्फटिकातल्या कंपनांच्या) मदतीने तिला प्रकाश पुरवत राहतात. तेव्हा ‘कॅव्हिटीवर लख्ख रेषा दिसली, म्हणजे पर्सेल मिळाला’ असं वहीत लिहू नका.

पायरी ७: जुळवणं

तापमान ४ पासून ४० केल्विनपर्यंत दोन-दोन अंशांनी वाढवा आणि प्रत्येक वेळी स्पेक्ट्रम साठवा. दोन्ही रेषा लाल बाजूला सरकतात, पण डॉट कॅव्हिटीपेक्षा कितीतरी वेगाने. म्हणून डॉट सुरुवातीला कॅव्हिटीच्या निळ्या बाजूला, अर्धा-एक नॅनोमीटर मागे असलेला निवडा. तो येऊन कॅव्हिटीला ओलांडेल. उलट्या बाजूचा डॉट कितीही तापवलात तरी दूरच जात राहील.

सगळे स्पेक्ट्रम एकाखाली एक लावले की डॉटची तिरकी रेघ कॅव्हिटीच्या उभट रेघेला छेदताना दिसते. जिथे छेदते तिथे तेज झपाट्याने वाढतं. दोन रेघा न छेदता एकमेकींना ढकलून वळसा घालत असतील, तर तुम्ही प्रबळ जोडणीत शिरलात. २००४ मध्ये वुर्झबर्गच्या गटाने मायक्रोपिलरमध्ये दाखवलं ते हेच. एकेरी फोटॉनच्या स्रोतासाठी ते नको आहे. फोटॉन परत परत डॉटमध्ये शिरतो.

तापमानाची मर्यादा लवकर येते. तापमान वाढत जातं तसे फोनॉन फोटॉनची एकसारखेपणाची शान घालवतात, म्हणून छेद १० केल्विनच्या खाली येणारा पिलर सापडला तर तोच ठेवा. यावर पक्का उपाय म्हणजे वेफर वाढवतानाच थरांमध्ये पी आणि एन अशुद्धी घालून डायोड बनवणं. मग व्होल्टेजने डॉट सरकवता येतो, भोवतालचा विद्युत गोंधळही शांत होतो. पैसे आणि वेळ एकाच सुधारणेवर लावायचे असतील, तर मी क्यूवर नाही, डायोडवर लावीन.

पायरी ८: पर्सेल खरंच मिळाला का?

स्पंदित लेसर लावा, ८० मेगाहर्ट्झचा; दोन स्पंदांत १२.५ नॅनोसेकंदांचं अंतर राहतं. एकाच डॉटचं आयुर्मान दोनदा मोजा, एकदा जुळलेल्या तापमानाला, एकदा बाजूला नेऊन. जुळलेलं नसताना सुमारे १ नॅनोसेकंद आणि जुळल्यावर १३० पिकोसेकंद आलं, तर वेग साडेसातपट झाला.

वेगवेगळ्या डॉटची तुलना चालत नाही, त्यांची मूळ आयुर्मानंच वेगळी असतात. आणि डिटेक्टर तपासा. नेहमीच्या सिलिकॉन ॲव्हलांश डायोडचा कालप्रतिसाद ३०० पिकोसेकंदांच्या वर असू शकतो. त्यावर १३० पिकोसेकंद मोजणं म्हणजे यंत्राचाच आलेख काढणं. वेगवान डायोड किंवा सुपरकंडक्टिंग नॅनोवायरचा डिटेक्टर मागून आणा.

पायरी ९: एक की अनेक?

प्रकाश अर्ध्या आरशाने (निम्मा परतवणाऱ्या, निम्मा जाऊ देणाऱ्या) दोन डिटेक्टरवर वाटा. हॅनबरी ब्राउन आणि ट्विस यांची १९५६ ची ही मांडणी आजही पहिली परीक्षा आहे. दोन्ही किती वेळाच्या फरकाने वाजले, त्या नोंदींचा आलेख काढा. शून्यावरचं शिखर बाजूच्या शिखरांच्या निम्म्याहून खाली असेल तर स्रोत मुख्यतः एकच डॉट आहे. त्यांच्या ०.०५ पटीच्या खाली असेल तर चांगला. शिखर खाली जात नसेल तर आधी लेसरची ताकद कमी करा, मग फिल्टर अरुंद करा. तरीही हटत नसेल तर शेजारचा डॉट आड येतोय. पुढच्या पिलरकडे वळा, त्याच्याशी झगडत बसू नका.

शेवटची परीक्षा एकसारखेपणाची, हाँग-ओ-मँडल यांच्या १९८७ च्या प्रयोगाची. लागोपाठचे दोन फोटॉन, पहिल्याला १२.५ नॅनोसेकंद उशीर देऊन, अर्ध्या आरशावर एकाच क्षणी आणायचे. अगदी एकसारखे असतील तर दोघे एकाच दारातून बाहेर पडतात. ७८० च्या लेसरने आकडा सहसा निराश करतो, कारण वरच्या पातळीवरून डॉट कधी खाली उतरतो याला नेम नसतो. लेसर थेट डॉटच्या तरंगलांबीवर आणा आणि परतणारा लेसर त्याच्या ध्रुवणाला काटकोनात लावलेल्या पोलरायझरने अडवा. यात फोटॉनही निम्मे जातात, पण एकसारखेपणा लक्षणीय वाढतो. ते निम्मे वाचवायचे असतील तर पुढच्या मास्कवर काही पिलर गोल न ठेवता लंबवर्तुळाकार काढा. मग कॅव्हिटीचे दोन ध्रुवित मोड वेगळे होतात आणि डॉट त्यातल्या एकालाच जुळवता येतो.